लटकी ठेंच आणि खरें शहाणपण

घरांत दिवे लागलेले असतां एखाद्या संध्याकाळीं इस्त्रीची जुनी तार आंतल्या आंत चिकटते, क्षणभर ठिणगी उडते आणि सारें घर अंधारांत बुडतें. घरांतील वडील माणूस मेणबत्ती घेऊन फळ्याजवळ जातो, जळालेली फ्यूजची तार काढून नवी घालतो आणि दोन मिनिटांत सर्व पूर्ववत् होतें. आतां पुष्कळ घरांत फ्यूजच्या जागीं आपोआप पडणारी कळ आली आहे. पण काम तेंच. त्या बारीकशा तारेनें स्वतः जळून घर वांचविलें, हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं; आणि ती तार नेमकी किती जाड असावी, हें कोणीं व कसें ठरविलें, असा प्रश्नही कोणी विचारीत नाहीं.

हाच प्रश्न एका घराऐवजीं एका शहरापुरता किंवा एका देशापुरता विचारला, म्हणजे त्याचें खरें स्वरूप दिसूं लागतें. तेथें तारा शेंकडों मैलांच्या, दाब लाखों व्होल्टचा आणि बिघाड झाला तर अंधारांत जाणारीं माणसें लाखांनीं मोजण्याजोगीं. अशा ठिकाणीं बिघाड होऊं द्यावा आणि मग काय होतें तें पाहावें, असें म्हणतां येत नाहीं. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही म्हण पायवाटेवर खरी. परंतु जेथें पुढच्याची ठेंच कोट्यवधि रुपयांची आणि प्रसंगीं माणसांच्या प्राणांची असते, तेथें मागच्यास शहाणें करण्याचा दुसरा कांहीं मार्ग शोधावा लागतो. तो मार्ग म्हणजे खऱ्या जाळ्याची लहानशी प्रतिकृति करून तिच्यांत मुद्दाम बिघाड घडवून आणणें. नाटक मंडळी पहिल्या प्रयोगापूर्वीं जशी रंगीत तालीम करते, तशीच ही संकटाची तालीम होय. नवल असें कीं, ह्या विद्येचा जन्म वीजघरांत झाला नाहीं. तो समुद्राच्या तळाशीं झाला, आणि तोही एका मोठ्या अपयशाच्या पोटीं.

इ. स. १८५८ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंडमधील ट्रिनिटी उपसागर हीं दोन टोंकें अटलांटिक महासागराच्या तळाशीं टाकलेल्या सुमारें २००० सागरी मैलांच्या तारेनें जोडलीं गेलीं. आदल्या वर्षीं केलेला प्रयत्न तार तुटून फसला होता. म्हणून ह्या यशाचा आनंद अधिकच झाला. न्यूयॉर्कमध्यें इतकें दारूकाम उडालें कीं, नगरभवनाच्या छपरालाच आग लागली. १६ ऑगस्ट रोजीं व्हिक्टोरिया राणीनें अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांस संदेश पाठविला. तो अवघा ९८ शब्दांचा होता. पण तो पलीकडे पोंचावयास सुमारें १६ तास लागले. लोक आतषबाजी पाहत होते, तेव्हां तारायंत्रापाशीं बसलेल्या माणसांच्या मनांत मात्र शंकेची पाल चुकचुकूं लागली होती.

ह्या अल्पायुषी तारेचा हिंदुस्थानशीं एक संबंध आला, तो सांगण्याजोगा आहे. १८५७ च्या उठावामुळें कॅनडांतील दोन पलटणींस परत बोलावण्याचा हुकूम गेला होता. पुढें त्यांची गरज उरली नाहीं. ऑगस्ट १८५८ च्या अखेरीस तो हुकूम रद्द झाल्याची वर्दी ह्याच तारेनें गेली, आणि पलटणी जहाजांवर चढण्यापूर्वींच थांबल्या. त्या एका निरोपानें सरकारचे सुमारें ५०,००० पौंड वांचले, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. परंतु तो निरोप जवळजवळ अखेरचाच ठरला. सप्टेंबरच्या आरंभीं अक्षरें अस्पष्ट झालीं, आणि थोड्याच आठवड्यांत तार कायमची मुकी झाली.

ती कशानें मेली? ह्या प्रश्नाच्या उत्तरांतच पुढच्या साऱ्या शास्त्राचें बीज आहे. हवेंत खांबांवरून नेलेल्या तारेंत संदेश जवळजवळ तत्काळ पोंचतो. पण तांब्याच्या तारेवर गटापर्चाचें वेष्टण घालून ती पाण्यांत सोडली, म्हणजे आंत तांबें, मध्यें गटापर्चा आणि बाहेर समुद्राचें पाणी अशी रचना होते. म्हणजेच ती तार एक प्रचंड लांबीची लेडन बरणीच बनते. संदेशाची वीज पलीकडे जाण्याआधीं ही बरणी भरीत बसते. मग टोंकाशीं स्पष्ट ठोका न पडतां मंद लाट येते, आणि एक लाट ओसरण्यापूर्वींच दुसरी तिच्यांत मिसळते. ग्लासगो विद्यापीठांतील प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळांतील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८५४–५५ च्या सुमारास गणितानें दाखविलें कीं, तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो.

कंपनीचा विद्युत्-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस ह्यास हें गणित मान्य नव्हतें. वैद्यकी सोडून तो विजेकडे वळला होता, आणि प्रत्यक्ष प्रयोगावर त्याची मोठी श्रद्धा होती. १८५६ च्या ऑक्टोबरांत त्यानें अमेरिकेचे मोर्स यांसह जमिनीखालून गेलेल्या अनेक तारा एकमेकींस जोडून सुमारें २००० मैलांची लांबी तयार केली, आणि तींतून संदेश जातो असें पाहून उभयतांनीं समाधान मानलें. ही एका अर्थीं तालीमच होती. पण अर्धवट तालीम. लांबी तेवढी जुळली म्हणजे समुद्र जुळला असें होत नाहीं. प्रतिकृतींत खऱ्या वस्तूचा कोणता गुण उतरला आहे आणि कोणता उतरलेला नाहीं, हें न ओळखतां तिच्यावर विश्वास ठेवणें किती महाग पडतें, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याहून कठोर होता. प्रत्यक्ष तारेंतून संदेश नीट जाईना, तेव्हां व्हाइटहाउसनें मोठमोठ्या वेटोळ्यांच्या यंत्रांनीं दाब वाढविला. तो सुमारें २००० व्होल्टपर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे. तार मुळांतच निर्दोष नव्हती. तिचें तांबें कांहीं ठिकाणीं वेष्टणाच्या मध्यभागीं नव्हतें, आणि घडणीनंतर ती कांहीं काळ उघड्यावर उन्हांत पडली होती. अशा दुबळ्या जागीं वाढलेल्या दाबानें वेष्टण भेदलें आणि वीज समुद्रांत झिरपूं लागली. टॉमसन यांचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर नाजुकांतला नाजुक प्रवाह दाखवूं शकत होता. त्यास हलक्या बॅटरीचा दाब पुरे होता. पण तें ध्यानांत येईपर्यंत रोगी हातचा गेला होता. औषधाची परीक्षा रोग्यावरच करण्याचा हा प्रकार झाला, आणि तो रोगी जगांत एकुलता एक होता.

ह्यावर कळस झाला तो तांबड्या समुद्रांतील तारेनें. सुएझपासून एडनवरून कराचीपर्यंत १८५९–६० सालीं टाकलेल्या ह्या तारेस सुमारें ८,००,००० पौंड खर्च आला. ती प्रवाळांच्या कंगोऱ्यांवर ताणून पडली, ठिकठिकाणीं तुटली, आणि सलग अशी ती कधीं उपयोगी पडलीच नाहीं. ब्रिटिश सरकारनें मात्र भागीदारांस ५० वर्षें दरसाल ३६,००० पौंड देण्याची बिनशर्त हमी दिली होती. म्हणजे मेलेल्या तारेचें व्याज अर्धें शतकभर देणें आलें. तेव्हां कोठें सरकार व कंपनी यांनीं मिळून चौकशी समिति नेमली. १८६१ सालीं तिचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचें सार एकच होतें: अंदाजानें चालावयाचें दिवस संपले, यापुढें मोजून चालावें. त्याच वर्षीं ब्रिटिश असोसिएशननें विद्युत्-रोधाचें प्रमाण ठरविण्यासाठीं मंडळ नेमलें. टॉमसन, मॅक्सवेल, फ्लीमिंग जेन्किन अशीं माणसें त्यांत होतीं. आज ज्यास 'ओहम' म्हणतात, तें माप ह्या खटपटींतून व्यवहारांत रुळलें.

माप हातीं आल्यावर बिघाडाकडे पाहण्याची दृष्टि पालटली. समुद्राच्या तळाशीं कोठें तरी वेष्टण फाटलें आहे. किनाऱ्यावर बसून ती जागा कशी सांगावयाची? तारेचा रोध मैलामागें ठाऊक असला तर तो मोजून अंतर काढतां येईल, असें प्रथम वाटतें. समजा, ६०० मैलांची तार आहे आणि मैलामागें ३ ओहम रोध आहे. एका किनाऱ्यावरून मोजतां ९०० ओहम भरले. मग बिघाड ३०० मैलांवर, असें म्हणावें काय? तसें म्हटल्यास जहाज तीनशें मैल जाऊन रिकाम्या हातानें परत येईल. कारण फाटलेल्या जागींही स्वतःचा कांहीं रोध असतो. बिघाड २०० मैलांवर असून त्या छिद्राचा रोध ३०० ओहम असेल, तरीही माप ९०० च येणार. एकच आंकडा दोन निरनिराळ्या गोष्टी सांगूं शकतो. म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावरूनही मोजावें लागतें. तेथून १५०० ओहम भरले, तर दोन मापांतील ६०० चा फरक केवळ तारेच्या लांबींतील फरकामुळें आलेला. तो २०० मैलांचा. म्हणजे एका बाजूस २०० मैल, दुसऱ्या बाजूस ४०० मैल, आणि उरलेले ३०० ओहम त्या छिद्राचे. हिशेब शाळेंतल्या मुलालाही समजेल असा आहे. पण त्यावर जहाज, खलाशी आणि हजारों पौंड अवलंबून असत.

ह्या शोधकांत क्रॉमवेल फ्लीटवुड व्हार्ली हें नांव अग्रभागीं आहे. १८५८ ची तार निकामी होत असतां तिची परीक्षा करून, बिघाड आयरिश किनाऱ्यापासून ३०० मैलांच्या आंत असावा, असें त्यानें सांगितलें होतें. पुढें त्यानें जी युक्ति काढली, ती ह्या कथेचा खरा आरंभबिंदु होय. त्यानें रोधाचीं वेटोळीं आणि विजेचा सांठा करणारे धारक आळीपाळीनें जोडून एक 'कृत्रिम तार' बनविली. दर वेटोळें म्हणजे कांहीं मैलांचें तांबें, दर धारक म्हणजे तेवढ्याच मैलांचें वेष्टण. अटलांटिक महासागर जणूं खोलींतील मेजावर येऊन बसला. ह्या मेजावरील समुद्रांत संदेश तसाच मंदावे, तसाच पसरे. मग एखाद्या सांध्यावर लहानसा रोध जमिनीशीं जोडला, कीं त्या जागीं वेष्टण फाटल्याचा देखावा तयार होई. बिघाड कोठें आणि केवढा आहे, हें करणाऱ्यास ठाऊक, मोजणाऱ्यास नाहीं. मोजणाऱ्यानें उत्तर काढावें आणि मग तें ताडून पाहावें. खऱ्या समुद्रांत चूक कळावयास जहाज पाठवावें लागे. येथें ती जागच्या जागीं कळे.

१८६६ सालीं अटलांटिकची तार कायमची यशस्वी झाली. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' हें अजस्र जहाज मुंबई बंदरांत आलें आणि येथून एडनकडे तार टाकीत गेलें. मुंबई समुद्रमार्गें इंग्लंडशीं जोडली गेली. ज्या तांबड्या समुद्रानें दहा वर्षांपूर्वीं आठ लाख पौंड गिळले होते, त्याच्याच तळावरून आतां मुंबईच्या पेढ्यांचे भाव जाऊं-येऊं लागले. मधल्या दहा वर्षांत समुद्र बदलला नव्हता. मोजण्याची विद्या बदलली होती.

कृत्रिम तारेचें पुढचें पाऊल अलेक्झांडर म्यूरहेड व हर्बर्ट टेलर यांनीं १८७५ सालीं टाकलें. वेटोळीं व धारक वेगवेगळे न ठेवतां त्यांनीं कथिलाच्या वर्खाची नागमोडी पट्टी, तिच्याखालीं मेणकागद आणि त्याखालीं वर्खाचा सबंध पत्रा अशी रचना केली. पट्टीचा रोध आणि पत्र्याशीं होणारा सांठा हे दोन्ही गुण खऱ्या तारेप्रमाणेंच लांबीभर सारखे पसरले. अशी पेटी खऱ्या तारेच्या शेजारीं जोडून दोन्ही बाजूंचा तोल साधला, म्हणजे एकाच तारेंतून एकाच वेळीं दोन्हीकडून संदेश पाठवितां येत. नकलेनें आतां पोटापाण्याची नोकरीच धरली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इतक्यांत विजेनें निरोप्याचें काम सोडून दिवटीचें काम हातीं घेतलें. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचें वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजीं सुरू झालें. त्यापूर्वीं रस्त्यांखालून किती जाडीच्या तारा न्याव्या, कोठें किती दाब पडेल, हें ठरविण्यासाठीं हर्मन क्लॉडियस नांवाच्या माणसानें त्या मोहल्ल्याच्या तारांची लहान प्रतिकृति बारीक तारांनीं बांधली होती. हा क्लॉडियस पूर्वीं ऑस्ट्रियाच्या तारखात्यांत होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तारायंत्राची विद्या दिव्यांच्या विद्येस अशी वारशानें मिळाली.

पुढील चाळीस वर्षांत वीजघरें एकमेकांस जोडलीं गेलीं, आणि त्याबरोबर नवें संकट उभें राहिलें. एकटें वीजघर असतां तारा चिकटल्या तर एकाच जनित्राची शक्ति त्या जागीं धांवे. दहा वीजघरें जोडलेलीं असतां दहांचीही शक्ति त्याच छिद्राकडे लोटते. विहिरीस भोंक पडणें निराळें आणि धरणास भोंक पडणें निराळें. तेथील सर्किट ब्रेकर हा लोंढा तोडण्याइतका समर्थ नसेल तर तोच फुटावयाचा; त्यांत तेल भरलेलें असलें, तर आग ठरलेली. म्हणून प्रत्येक जागीं बिघाड झाल्यास किती प्रवाह धांवेल, हें आधीं कळणें हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. कागदावर हें गणित करावयाचें तर एका जाळ्यास डझनांनीं समीकरणें. एक तार वाढली कीं तीं सारीं पुन्हां मांडावीं लागत.

ह्या गणिताची एक मोठी गांठ १९१८ सालीं चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनीं सोडविली. मोठ्या जाळ्यांत वीज तीन तारांतून जाते, आणि तिन्हींतील प्रवाह समतोल असतात. पण बहुतेक बिघाड एकाच तारेस होतात: फांदी पडते, चिनी मातीचा पेला फुटतो, वीज कोसळते. मग तोल जातो आणि हिशेब विस्कटतो. फोर्टेस्क्यू यांनीं दाखविलें कीं, कोणताही विषम बिघाड तीन समतोल संचांची बेरीज मानतां येतो. एका जाळ्याऐवजीं तीन साधीं जाळीं मांडावीं; एक तार जमिनीस लागली असेल तर तीं एकापुढें एक जोडावीं, दोन तारा परस्परांस लागल्या असतील तर त्यांतील दोन शेजारीं शेजारीं जोडावीं. बिघाडाचा प्रकार म्हणजे जोडणीचा प्रकार, इतकें तें सुटसुटीत झालें. ही पद्धति रोजच्या कामांत रुजविण्याचें बरेंच श्रेय एडिथ क्लार्क या विदुषीकडे जातें. एम्. आय्. टी. या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतून विद्युत्-स्थापत्याची उच्च पदवी १९१९ सालीं मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९४३ सालीं निघाला, आणि पुढें त्या टेक्सास विद्यापीठांत प्राध्यापक झाल्या.

जोडणी करावयाची ती कशावर? येथें जुनी कृत्रिम तार पुन्हां कामास आली. प्रथम नुसत्या रोधांचीं व बॅटरीचीं मेजें झालीं. पण त्यांवर उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचे सगळे गुण उतरत नसत. १९२० नंतर शुरिग, स्पेन्सर, हेझन या अमेरिकन स्थापत्यज्ञांनीं तें वैगुण्य दूर करण्याचे प्रयत्न केले, आणि १९२९ सालीं एम्. आय्. टी. मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्यानें पहिलें मोठें 'जाळें-विश्लेषक' यंत्र उभें राहिलें. भिंतीएवढाल्या फळ्या, त्यांवर रोधांचीं, वेटोळ्यांचीं व धारकांचीं बटणें, आणि टेलिफोनच्या जुन्या कचेरींतल्याप्रमाणें लोंबत्या दोऱ्यांच्या खुंट्या, असें त्या पिढीच्या यंत्रांचें रूप होतें. एखाद्या प्रांताचीं वीजघरें, तारा आणि शहरें ह्या खोलींत प्रमाणानें लहान होऊन बसत. लाख व्होल्टचा दाब घरगुती दाबाहूनही कमी होऊन येई. मग खरा प्रसंग येई. एक खुंटी उचलून ठराविक भोंकांत घालावी, कीं अमक्या तारेस जमीन लागली असें झालें. मापकाचे कांटे हलत, कारकून आंकडे टिपून घेत, खुंटी काढली कीं प्रांत पुन्हां धडधाकट. दिवसभरांत शेंकडों वेळां तो प्रांत असा पाडावा आणि उभा करावा. कोणाच्या घरचा एक दिवाही विझत नसे.

ह्या आंकड्यांवरून ब्रेकर केवढा घ्यावा हें ठरे. त्याहून अवघड असें आणखी एक उत्तर तेथून मिळे. बिघाड झाल्यावर जनित्रें एकमेकांच्या तालावरून ढळतात. एका दोरीस बांधलेल्या दोन बैलांपैकीं एक बुजला तर दुसराही ओढला जातो, तसेंच हें. बिघडलेली तार किती वेळांत तोडली तर तीं पुन्हां तालावर येतील, हें पळापळाचा हिशेब करून काढावें लागे. उत्तर सेकंदाच्या अंशांत येई. म्हणजे तें काम माणसाच्या हातून होण्याजोगें नव्हेच. तें 'रिले' नांवाच्या स्वयंचलित पहारेकऱ्यावर सोंपवावें लागतें, आणि मग त्या पहारेकऱ्याचीच परीक्षा घ्यावी लागते.

अशीं यंत्रें १९६० नंतर हळूहळू अडगळींत गेलीं. त्यांची जागा संगणकानें घेतली. हर्मन डोमेल या जर्मन तज्ज्ञानें म्युनिकमध्यें आरंभिलेलें काम अमेरिकेंत पोर्टलंड येथें पुरें केलें, आणि १९६९ सालीं त्याची पद्धति प्रसिद्ध झाली. तींत काळाचे अति बारीक तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यापुरतें वेटोळें काय किंवा धारक काय, त्याच्या जागीं एक साधा रोध व एक प्रवाहाचा उगम मानतात. व्हार्लीनें समुद्राचे तुकडे केले, डोमेलनें क्षणाचे केले. विजेच्या कडाडण्यानें तारेवर धांवणारी लाटही आतां आंकड्यांत पकडतां आली. पुढें कॅनडांतील मॅनिटोबा येथें १९८९ च्या सुमारास अशीं यंत्रें चालूं झालीं कीं, त्यांतील लटकें जाळें खऱ्या घड्याळाच्या गतीनें चालतें. खरा रिले आणून ह्या लटक्या जाळ्यास जोडतात. आपल्यापुढें खरा देश आहे कीं देशाची छाया, हें त्या बिचाऱ्यास कळत नाहीं. तो इमानानें आपलें काम करितो, आणि त्याची परीक्षा होते.

एवढी विद्या झाल्यावर संकटें संपलीं काय? ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळीं अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत मिळून सुमारें ३ कोटि माणसें अंधारांत सांपडलीं. चौकशीअंतीं मूळ सांपडलें तें नायगारा नदीकांठच्या एका वीजघरांतील राखीव रिलेपाशीं. तारेस कोणताही अपाय झालेला नव्हता. रिलेची मर्यादा पूर्वींच्या भाराच्या मानानें बेतलेली होती. मध्यंतरीं भार वाढत गेला, मर्यादा मात्र तीच राहिली. त्या दिवशीं नित्याचाच वाढता प्रवाह त्यास बिघाड वाटला आणि त्यानें तार तोडली. तिचा भार शेजारच्या चार तारांवर पडला, त्याही तुटल्या, आणि बाकीचें कांहीं मिनिटांत आटोपलें.

हीच गोष्ट सत्तेचाळीस वर्षांनीं भारतांत घडली. ३० जुलै २०१२ रोजीं उत्तर भारताचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशीं तिन्ही जाळीं कोसळलीं. ज्या प्रदेशांवर हा प्रसंग आला, त्यांची लोकवस्ती ६० कोटींच्या आसपास होती. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, आणि खाणींतील मजूर पाळणे बंद पडल्यामुळें खालीं अडकले. पश्चिमेचें जाळें तगलें, म्हणून महाराष्ट्रांत दिवे राहिले. चौकशी समितीनें जें शोधून काढलें, तें वाचतांना व्हार्लीच्या काळाची आठवण व्हावी. मध्यप्रदेशांतील बिना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची तार प्रथम तुटली, आणि तींत बिघाड नव्हताच. तेथील रिले दाब व प्रवाह यांच्या भागाकारावरून बिघाडाचें अंतर ओळखणारा होता. इतर कित्येक तारा आधींच बंद असल्यामुळें ह्या तारेवर अतोनात भार आला, दाब उतरला, आणि भागाकार इतका लहान झाला कीं, दूर कोठें तरी बिघाड झाला आहे असें रिलेनें मानलें.

किनाऱ्यावर बसून ९०० ओहम मोजणारा तो जुना तारमास्तर आणि बिनाचा हा रिले यांची अडचण एकच आहे. एकच आंकडा दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतो, आणि त्यांतली खरी कोणती, हें आंकडा स्वतः सांगत नाहीं. तारमास्तरास दुसऱ्या किनाऱ्यास विचारण्याची सवड होती. रिलेस ती नसते. म्हणून त्याच्या वतीनें तो विचार आधींच, शांतपणें, प्रतिकृतीवर करून ठेवणें हें माणसाचें काम आहे. ह्या दोन अंधारांनीं तालमीच्या शास्त्रांत एक नवें कलम घातलें: नुसता बिघाड घडवून पाहणें पुरेसें नाहीं. बिघाड नसतां बिघाडासारखे दिसणारे प्रसंगही घडवून पाहिले पाहिजेत, आणि जाळें वाढलें कीं जुनी परीक्षा पुन्हां घेतली पाहिजे. व्हाइटहाउसची २००० मैलांची तालीम फसली ती समुद्राचे सगळे गुण तींत नव्हते म्हणून. नायगाऱ्याचा रिले चुकला तो कालचें जाळें आणि आजचें जाळें यांत फरक पडला होता म्हणून. प्रतिकृति कितीही सुबक असली, तरी खऱ्या वस्तूबरोबर तिचेंही वय वाढलें पाहिजे.

घरांतला दिवा मालवत नाहीं, तेव्हां त्यामागें कोणी उभें आहे असें कोणास वाटत नाहीं. पण त्या शांत उजेडाच्या मागें दीडशें वर्षांचे लटके बिघाड आहेत: व्हार्लीच्या मेजावरचें फाटलेलें वेष्टण, क्लॉडियसच्या बारीक तारा, हेझनच्या फळीवरील खुंट्या आणि डोमेलचे क्षणाचे तुकडे. हे बिघाड कोणासही जाणवले नाहींत. पण त्यांच्याच शिकवणीमुळें कित्येक खरे बिघाड फ्यूजच्या तारेपाशींच थांबले.